मोडीचा भाव

बुधवारच्या बाजाराला दिवाडीहून फिलसूबाय आली,
नार्व्याची फेरी धरून,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी घेऊन.
वाटलं, घंगाळ असेल.
अभ्रा सोडला तर हा:
आतड्यासारखा आत आत वळत गेलेला
रुझारबाबचा फ्रेंच हॉर्न.

"शेट, ह्याचे पोचे तुम्हीच काढत आलात.
आता भावही तुम्हीच करा."

डिचोलीत आमचं समयांचं दुकान, चौथी पिढी.
वाद्यातलं मला कळतं ते एवढंच
की पत्रा पातळ आहे, हातोडी लाकडाची घ्यावी.
नाव फ्रेंच, घडला कुठल्याशा थंडीत,
पोर्तुगीज पलटणीच्या बँडातून सुटला
आणि पन्नास वर्षं दिवाडीच्या फेस्तांना वाजला.
कर्ण्यावर मुकुट कोरलेला आहे.
त्याखालची अक्षरं रुझारबाबच्या सदऱ्याने पुसली.

काट्यावर ठेवला. दोन किलो चारशे.
मोडीच्या भावाने अकराशे आणि वर काही सुटे.
बाई काट्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.
आकडा मी तोंडातच ठेवला.

स्विंडनहून एल्टन फोनवर:
"माय, काय येईल त्याला दे. कपाट अडवून बसलंय."

फुंकून बघितलं.
वारा आत गेला तो परतलाच नाही.
पाणी सोडलं तर दुसऱ्या वळणाशी माती.
कुंभारीण माशीने घर केलेलं,
तीन खोल्यांचं, एकीत वाळलेला कोळी.
कांसाराच्या मालात कुंभारणीचा संसार!
मी हसलो. फिलसूबायही हसली,
मग झग्याला पदर कुठला,
अभ्र्यानेच डोळे पुसले तिने.

सात पोचे होते. सहा काढले.
सातवा कर्ण्याच्या काठाशी, अंगठ्याएवढा.
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी फेरीच्या फळीवरून
दोघं घसरली, तेव्हाचा.
रुझारबाबने आधी हॉर्न उचलला,
मग पाण्यातली बायको.
"तो राहू दे," फिलसूबाय म्हणाली.
"ते भांडण अजून मिटलेलं नाही."

आसगावहून गिऱ्हाईक आलं, कानात बाळी,
नुकताच बार काढलेला.
कर्ण्यात दिवा बसवायचा, भिंतीवर टांगायचा.
तीस हजार.
"इथे एक भोक पाडून द्याल ना, वायरला?"

दिव्याचं मला कसलं वावडं?
चार पिढ्या दिव्यांवरच जेवलो.
पण ड्रिल घेतलं आणि हॉर्न धरायला जागा सापडेना.
जिथे धरावं तिथे
आधीच कुणाचा तरी हात होता:
चाव्यांपाशी मुलामा झिजून पत्रा तांबूस,
चार बोटं वेगवेगळी ओळखू येतील इतका.

म्हटलं, भोक नाही.
वायर बाहेरून बांधून देतो.
दिवा उतरवला की वाजला पाहिजे.
"वाजवणार कोण, अंकल?"
ह्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.
दोन हजार त्याने त्यावर कमी केले.

चाव्यांच्या दोऱ्या कुजल्या होत्या.
रात्री गरीच्या दोरीने नव्या ओवल्या,
तेल सोडलं. तिन्ही चाव्या
मांजराच्या पावलासारख्या खाली वर झाल्या.
बिलात लिहिलं नाही. दिव्याला दोऱ्या कशाला,
असं विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

नोटा फिलसूबायने दोनदा मोजल्या,
हजाराची मजुरी माझ्या हातावर ठेवली,
अभ्र्याची चौकोनी घडी घातली.
घडीत काहीतरी टणक होतं.
मी बघितलं. तिनेही बघितलं की मी बघितलं.

हॉर्नची तोंडी गिऱ्हाइकाने मागितली नाही,
मी आठवण केली नाही.

आता आसगावात कुणाला कधी सुचलंच
तो दिवा उतरवून ओठांशी न्यायचं,
तर त्याने आधी दिवाडीला यावं,
फिलसूबायच्या दारात,
फेरी चुकली नाही तर.